लॉग होरायझन

मामारे तोनो यांच्या कादंबरीमालेवर आधारित जपानी ॲनिमे मालिका. ‘एल्डर टेल’ या ऑनलाइन खेळात अडकलेल्या खेळाडूंची ही कथा. पहिले पर्व (२५ भाग, दिग्दर्शक शिंजी इशिहिरा) २०१३-१४ मध्ये एनएचकेच्या शैक्षणिक वाहिनीवर आले. या खेळात मेलेला खेळाडू पुन्हा जिवंत होतो, पण थोडी स्मृती गमावून. त्यामुळे ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या तशाच मालिकेतला मरणाचा धाक नाही, सुटका नसेल तर नांदायचे कसे, हा प्रश्न आहे. नायक शिरोए तलवारबहाद्दर नव्हे, डावपेच आखणारा. खेळाच्या मेन्यूतून बनवलेले अन्न बेचव, कसबी स्वयंपाक्याने हाताने रांधलेले चविष्ट. या क्षुल्लक वाटणाऱ्या शोधातून बाजार उभा राहतो, भांडवल साठते आणि पुढे अकिबा शहराचा कारभार पाहणारी गोलमेज परिषद स्थापन होते. खेळातली निर्जीव पात्रे समजले गेलेले स्थानिक लोक हाडामांसाचे निघतात, तेव्हा कथेला राजकीय खोली येते. या बाबतीत तिच्या तोडीच्या मालिका थोड्याच.

दोष मुख्यतः गतीचा: लांबलचक बैठका, नियमांची व्याख्याने, तेच ते विनोद. दुसऱ्या पर्वापासून निर्मिती सॅटेलाइट या स्टुडिओकडून स्टुडिओ दीनकडे गेली आणि चित्रण फिके पडले. तिसऱ्या पर्वानंतरही (२०२१) घरी परतण्याचा प्रश्न अनिर्णितच आहे.