हिल डिस्ट्रिक्टच्या गाड्या

4 नोव्हेंबर 1966. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये प्रचारसभा रंगात आली होती आणि माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स व्यासपीठावरच कोसळले. पोलिसांच्या गाडीतून रुग्णालयात पोहोचेपर्यंत मेंदूचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. सतरा दिवसांनी ते गेले.

त्या काळी शहरात रुग्णही पोलीसच नेत. ज्या गाडीत आरोपी कोंबायचे, तिच्यातच. इतर अनेक गावांत तर हे काम अंत्यसंस्कारवाल्यांच्या शववाहिका करत, म्हणजे रुग्ण वाचो न वाचो, धंदा बुडत नसे! हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत पोलिसांना बोलवायलाच लोक कचरत आणि बोलावलं तरी ते वेळेवर येतील याचा भरवसा नसे.

छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत घडवणाऱ्यांपैकी एक, डॉ. पीटर सफार, याच शहरात होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली वस्तीत रुग्णवाहिका सेवा उभारण्यासाठी फिलिप हॅलन यांच्या फाल्क मेडिकल फंडाने पैशांची जुळवाजुळव केली, वस्तीतली ‘फ्रीडम हाउस’ संस्था पुढे आली आणि 1967 मध्ये प्रशिक्षण सुरू झालं. शिकायला आले ते वस्तीतलेच बेकार तरुण. काहींचं शालेय शिक्षणही अर्धवट राहिलेलं. सुमारे तीनशे तास त्यांनी शरीररचना, प्रथमोपचार, श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचं तंत्र गिरवलं. 1968 पासून गाड्या धावू लागल्या. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन वैद्यकीय संचालक झाल्या. देशभरच्या पॅरामेडिकांसाठी त्यांनी लिहिलेलं पाठ्यपुस्तक याच कामातून आकाराला आलं.

दुखणं होतं ते पैशांचं. केंद्राचं अनुदान, देणग्या आणि नगरपालिकेचा करार यांवर गाडा चालायचा. त्यातला करार महापौर पीट फ्लॅहर्टी यांच्या मर्जीवर. ही सेवा शहरभर नेण्याऐवजी त्यांनी पालिकेची स्वतःची सेवा उभारली आणि ऑक्टोबर 1975 मध्ये फ्रीडम हाउस बंद पडलं. कॅरोलाइन यांच्या आग्रहामुळे जुन्या मंडळींना नव्या सेवेत घेतलं गेलं खरं, पण नव्या परीक्षा आणि नियम लावून अनेकांना बाहेरची वाट दाखवली गेली. उरलेल्यांवर गोरे, कमी अनुभवी वरिष्ठ बसले. शहराने विद्या घेतली आणि गुरूंना दाराबाहेर उभं केलं, असंच म्हणावं लागेल.

त्यातूनही टिकले फ्रीडम हाउसचे जॉन मून. ते त्याच पालिकेच्या सेवेत सहायक प्रमुखपदापर्यंत चढले. त्यांनी भरती केलेल्या अमेरा गिलख्रिस्ट 2023 मध्ये या सेवेच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रमुख झाल्या.