निराधारांची यादी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सरकारनं म्हाताऱ्याकोताऱ्यांची काळजी कशी घेतली हे बघायचं, तर याद्या बघाव्या. ग्रामसेवकाच्या नोकरीत माझं निम्मं आयुष्य याद्या करण्यात गेलं, म्हणून जरा अधिकारानं बोलतो.

यादीची ही रीत जुनी. १९०५ पर्यंत आमचा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, त्याच काळात १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. इंग्रजांच्या दुष्काळी नियमांत सरळ विभागणी होती: धडधाकटांनी खडी फोडायची, आणि ज्यांना काम झेपत नाही त्यांना फुकट मदत. पण झेपत कुणाला नाही, हे गावात पाटील-पटवारी सांगणार. पाटलाशी ज्याचं वाकडं, त्याचं काय झालं असेल ते गावात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. दुष्काळ सरला की यादीही सरली, आणि म्हातारी माणसं पुन्हा लेकासुनेच्या भरवशावर.

१९४८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडात स्थानिक कारभारासाठी जनपद सभांचा कायदा झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी इंग्लंडनं आपला जुना गरिबांचा कायदा मोडीत काढून निराधार वृद्धांच्या निवाऱ्याची जबाबदारी कायद्यानं स्थानिक कौन्सिलांवर टाकली. आमच्याकडे शाळा, रस्ते, दवाखाने यांचीच इतकी वानवा होती, की म्हातारपण हा स्थानिक कारभाराचा विषय असू शकतो हे कुणाच्या मनात येणंही कठीण होतं.

पुढे तर पंचायत राज्याचा आराखडाच आमच्या माणसानं केला. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६० साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते; तिच्या शिफारशींवरून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा परिषदेकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रं परिषदेकडे, गुरांचे दवाखानेसुद्धा परिषदेकडे. बैल आजारी पडला तर कुणाकडे जायचं हे ठरलेलं. अंथरुणाला खिळलेल्या बुढीसाठी तसं कोणी नेमलेलं नव्हतं. समाजकल्याण खातं होतं, पण त्याचा कारभार मुख्यतः मागासवर्गीयांच्या योजना आणि वसतिगृहांचा. मी परिषदेचाच माणूस, तरी हे बोलतो.

१९८० मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, आणि तीही गेली तहसील कचेरीत. गावात तिला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. रक्कम लहान, कागद मोठे: वयाचा दाखला, रहिवासी दाखला, वर्षाला २१ हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. बरीच वर्षं असाही नियम होता, की विधवेचा मुलगा २५ वर्षांचा झाला की पगार बंद. मुलगा पुण्याला जाऊन परत न फिरकणारा असला तरी कागदावर तो आधारच. आणि दरवर्षी हयातीचा दाखला. एक आजी माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली होती, “भाऊ, मी जिती हाओ, हे मी सांगून चालत नाही का? तुमीच लिवून द्या मंग.” लिहून दिलं.

पण त्या काळातली एक गोष्ट चांगली होती, आणि ती कोणत्याही शासननिर्णयात नव्हती. मनीऑर्डर घेऊन पोस्टमन दारात जायचा. खाटेवरच्या माणसाचा अंगठा घ्यायला त्याला आत जावं लागे. आत गेला की चूल पेटली आहे का, पाय सुजलेत का, हे दिसे, आणि चावडीवर येऊन तो ते बोले. नंतर पैसे बँकेच्या खात्यात जाऊ लागले. मधल्या दलालांचा हात आखडला, हे खरं आणि चांगलंच. मात्र आता म्हातारीनंच बँकेत किंवा गावातल्या केंद्रावर यायचं. जन्मभर कापूस वेचून आणि पऱ्हाट्या उपटून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्रावर अंगठा येत नाही. मग बोट पदराला पुसायचं, पुन्हा ठेवायचं, नाहीतर उद्या या.

केंद्राची वृद्धांची पेन्शन १९९५ ला ७५ रुपयांनी सुरू झाली. २००६ ला २०० झाली आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा तिथंच थांबला. राज्यानं भर घालत २०२३ पासून १,५०० केले. वाढ मोठी आहे, नाकारत नाही. ग्रामपंचायतीच्या हातात मात्र दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नाचे पाच टक्के, एवढंच. वसुली लाखाची झाली तर पाच हजार. गावात दिव्यांग दहा असले तर माणशी पाचशे रुपये, तेही वर्षाचे, मार्चअखेरच्या घाईत.

पैसा देण्याची व्यवस्था सव्वाशे वर्षांत सुधारली. घरात डोकावणारं माणूस तेवढं कमी झालं. आज गावात घरोघर जाणारी बाई म्हणजे आरोग्य खात्याची आशाताई, आणि तिच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. त्या कामांच्या तक्त्यात ‘एकट्या वृद्धाच्या घरी महिन्यातून एक भेट’ अशी एक ओळ घालावी आणि तिचे पैसे ग्रामपंचायतीनं द्यावेत. ठराव कसा लिहायचा ते मी कोणत्याही सरपंचाला सांगायला तयार आहे.