विषादहारक औषधें आणि सावधगिरीचा इतिहास

एखाद्या औषधाचा शोध कोणी लावला हें इतिहासांत नोंदलें जातें. परंतु तें औषध घ्यावें कसें, कशाबरोबर घेऊं नये व सोडावें केव्हां, हें ज्ञान कोणाकडून व कोणत्या किंमतीनें मिळालें, याची कथा फारशी कोणी सांगत नाहीं. विषादरोगावरील औषधांच्या बाबतींत तर ही दुसरी कथाच अधिक बोधप्रद आहे. तिच्याकडे आमचें लक्ष वळण्यास एक घरगुती कारण झालें. आमचे एक वृद्ध स्नेही या रोगावर गोळ्या घेत असत. मनास बरें वाटूं लागतांच त्यांनीं त्या एके दिवशीं एकदम बंद केल्या. दोनतीन दिवसांतच चक्कर, मळमळ, झोपमोड आणि डोक्यांत वीज चमकल्यासारखे झटके सुरू झाले. त्यांनीं गोळ्या घेतल्याचें घरांत कोणास सांगितलें नव्हतें. म्हणून त्या बंद केल्याचेंही कोणास कळलें नाहीं. पुढें डॉक्टरांच्या सल्ल्यानें ते सावरले. पण मौन हेंच येथें खरें अपथ्य होतें, ही गोष्ट आमच्या मनांतून गेली नाहीं.

विषाद हा शब्द आपल्यास परका नाहीं. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास त्याचेंच नांव आहे. परंतु अर्जुनाच्या विषादास प्रसंगाचें कारण होतें व तो उपदेशानें ओसरला. जो विषाद कारणावांचून येतो, महिनोन्महिने हटत नाहीं आणि झोप, भूक व जगण्याची इच्छा हिरावून नेतो, त्यास उपदेश पुरत नाहीं. त्यावर गोळी असूं शकते, ही कल्पनाच विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीं फारशी कोणास सुचली नव्हती.

ती सुचली क्षयरोग्यांच्या इस्पितळांत. 1952 सालीं न्यूयॉर्कमधील स्टेटन बेटावरील सी व्ह्यू इस्पितळांत आयसोनियाझिड व इप्रोनियाझिड हीं दोन नवीं औषधें क्षयावर देऊन पाहण्यांत आलीं. इप्रोनियाझिड घेणारे रोगी केवळ सुधारले नाहींत, तर नको इतके उल्हसित झाले. त्याच वर्षीं झेलर या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, हें औषध शरीरांतील मोनोअमाइन ऑक्सिडेज या एन्झाइमची क्रिया बंद पाडतें. 1957 सालीं नेथन क्लाइन आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याचा विषादावरील गुण जाहीर केला. वर्षभरांत लाखों लोक तें घेऊं लागले. परंतु कांहीं रोग्यांस कावीळ झाली, आणि 1961 सालीं अमेरिकेंत तें औषध बाजारांतून काढून घ्यावें लागलें. प्रसार वर्षांत झाला. शहाणपण येण्यास चार वर्षें लागलीं.

याच सुमारास स्वित्झर्लंडांत म्युन्स्टरलिंगन येथें रोलांड कून यांनीं इमिप्रामीन या अगदीं निराळ्या द्रव्याचा विषादावर गुण पाहिला. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. अशा औषधाचा गुण एका रात्रींत येत नाहीं. त्यास आठवडे लागतात. त्या मधल्या काळांत रोगी निराश होऊन औषध सोडतो, किंवा आपण होऊन मात्रा वाढवितो. मात्रा प्रमाणाबाहेर गेली तर या जातीचें औषध हृदयाच्या गतीवर घातक परिणाम करतें.

आतां ज्या प्रकरणानें सावधगिरीचें खरें शास्त्र जन्मास आलें, त्याकडे वळूं. इप्रोनियाझिडच्या वर्गांतील दुसरीं औषधें घेणाऱ्या कांहीं रोग्यांस अकस्मात् भयंकर डोकेदुखी होई, रक्तदाब भडकून जाई, आणि क्वचित् मेंदूंत रक्तस्राव होऊन मृत्यूही येई. कारण कोणास कळेना. लंडनच्या मॉड्स्ली इस्पितळांतील बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरानें 1963 च्या आरंभीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत याविषयीं एक पत्र लिहिलें. तें वाचून नॉटिंगहॅम येथील रो नांवाच्या एका औषधविक्रेत्यानें त्यास कळविलें कीं, आपल्या पत्नीस दोन वेळां असाच त्रास झाला, आणि दोन्ही वेळां तिनें चीज खाल्लें होतें. लोण्यानें वा दुधानें कांहीं होत नाहीं. चिजांतील एखाद्या द्रव्याचा तर हा परिणाम नसेल?

मोठमोठ्या प्रयोगशाळांस जें दिसलें नव्हतें, तें एका गृहस्थास आपल्या घरच्या जेवणाच्या टेबलावर दिसलें. प्रथम ही कल्पना हास्यास्पद ठरली. ब्लॅकवेलनें स्वतः औषध घेऊन चीज खाऊन पाहिलें. कांहीं झालें नाहीं. येथें प्रकरण मिटावयाचें, पण तो थांबला नाहीं. ज्यांस त्रास झाला होता त्या रोग्यांस त्यानें अगोदर काय खाल्लें होतें हें विचारण्यास आरंभ केला, आणि चीज हेंच उत्तर पुनःपुन्हां येऊं लागलें. त्याच वर्षीं त्यानें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दुसऱ्या संशोधकांनीं दोषी द्रव्य कोणतें तें ओळखलें: टायरामीन. या शब्दाचें मूळच ‘चीज’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांत आहे!

घडत होतें तें असें. पिकविलेल्या चिजांत टायरामीन पुष्कळ असतें. एरवीं आंतड्यांतील व यकृतांतील तेंच एन्झाइम त्याचा नाश करतें. औषधानें एन्झाइमच बंद पाडलें कीं टायरामीन सरळ रक्तांत शिरतें, नॉरअॅड्रेनॅलिनचा लोंढा सोडवितें आणि रक्तदाब झपाट्यानें चढतो. मुरविलेलें मांस व सोयाबीनचे आंबविलेले पदार्थ यांचीही गोष्ट तीच. आपलें ताजें पनीर या यादींत बसत नाहीं, कारण तें पिकविलेलें नसतें. अमेरिकेंत 1964 सालीं या वर्गांतील ट्रॅनिलसायप्रोमीन हें औषध कांहीं काळ परत घेण्यांत आलें, व मग निर्बंधांसह पुन्हां देऊं लागले. ज्या देशांत वैद्य पथ्य सांगे त्यास जुनाट समजूं लागले होते, तेथें पथ्य पुन्हां परत आलें, तें असें.

या प्रकरणाची उलट बाजू आपल्या मुंबईंत सांपडते. रुस्तुम जाल वकील यांनीं 1949 सालीं किंग एडवर्ड स्मारक इस्पितळांतील रोग्यांवरून सर्पगंधेच्या रक्तदाब उतरविणाऱ्या गुणाचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला. 1952 सालीं त्या मुळींतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. पुढें तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांस विषाद झाल्याचे वृत्तांत आले. हा संबंध किती घट्ट आहे याविषयीं पुढील संशोधकांनीं शंका घेतली आहे. तरी त्यापासून घ्यावयाचा धडा शंकास्पद नाहीं. मनाच्या औषधाचा परिणाम रक्तावर पाहिला पाहिजे, आणि रक्ताच्या औषधाचा मनावर. शरीर एकच आहे; खातीं मात्र आपण पाडलीं आहेत.

1987 च्या अखेरीस अमेरिकेंत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली व नवीं, पुष्कळ निर्धोक औषधें प्रचारांत आलीं. चिजाचें भय त्यांस नाहीं. पण त्यांचीही मर्यादा आहे. तीं जुन्या वर्गाच्या औषधाशीं एकत्र आलीं तर शरीरांत सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर व भ्रम होतो आणि प्राणावर बेततें. म्हणून जुनें औषध थांबविल्यावर दोन आठवडे, आणि फ्लुओक्सेटीन थांबविल्यावर तर पांच आठवडे, मध्यें जाऊं द्यावे लागतात. 2004 सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें मुलें व किशोर यांच्या बाबतींत आरंभींच्या काळांत आत्मघाताच्या विचारांकडे लक्ष ठेवावें असा ठळक इशारा छापावयास लावला. 2007 सालीं तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांस लागू केला. म्हणजे उपचार करूं नये असें नव्हे. पहिल्या आठवड्यांत घरच्यांनीं व डॉक्टरांनीं दृष्टि ठेवावी, एवढाच त्याचा अर्थ.

आणि इतिहासानें येथें एक चक्र पूर्ण केलें आहे. ज्या क्षयाच्या वॉर्डांत विषादाचें औषध जन्मलें, त्याच क्षयाच्या, औषधांस न जुमानणाऱ्या प्रकारांत आज लिनेझोलिड वापरतात. आणि तेंही मोनोअमाइन ऑक्सिडेजला थोड्या प्रमाणांत रोखतें. क्षय आणि विषाद दोन्ही असलेला रोगी दोन वेगळ्या डॉक्टरांकडे जात असेल व एकाचें औषध दुसऱ्यास सांगत नसेल, तर 1963 सालच्या लंडनची गोष्ट उद्यां मुंबईंत किंवा सोलापुरांत घडूं शकेल. दुकानांतून सहज मिळणाऱ्या, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या खोकल्याच्या औषधाविषयींही हेंच म्हणतां येईल.

सारांश, या औषधांची सुरक्षितता बाटलींत भरून येत नाहीं. ती रोग्याच्या सांगण्यांत व डॉक्टरांच्या ऐकण्यांत असते. एकदम सुरू करूं नये तसें एकदम सोडूं नये. डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें हळूहळू मात्रा कमी करावी. आणि आपण काय घेतों हें निदान घरांतील एका माणसास ठाऊक असावें. नॉटिंगहॅमच्या त्या गृहस्थानें आपल्या पत्नीच्या दुखण्यास नुसती दोन वाक्यें दिलीं, त्यानें किती जीव वांचले असतील! आमच्या स्नेह्यांच्या घरीं तशींच दोन वाक्यें कोणी कोणाशीं बोललें असतें, तर त्यांचे ते वाईट दिवस टळले असते.