गालातला जागल्या

बूट काढून पिशवीत टाका. इथं बहुतेकांचे पाय उघडे आहेत, तुमच्या बुटांमागे पोरं लागतील. मोबाइल तर खिशातून काढूच नका. 1942 चा चैत्र आहे आणि तुम्ही कळवणच्या बाजारात उभे आहात. ‘चले जाव’चा गलबला व्हायला अजून चार महिने आहेत. इथं बोलणं चाललंय ते मिरचीच्या भावाचं.

गिरणेचं पाणी पार आटलंय. नदीकडून झुळूक आली की गारवा नाही, फुफाटाच येतो. सोडलेल्या गाड्यांच्या सावलीत बैल रवंथ करताहेत. शेण, घामेजलेली घोंगडी, सुकी मिरची यांचे वास असे एकात एक मिसळलेत की तुम्हाला लागोपाठ तीन शिंका येतात. डोंगरातून उतरलेल्या कोकणा बायांच्या टोपल्यांत नागली आहे, डिंक आहे, मोहाची फुलं आहेत. मोहाचा तो गोड, आंबूस वास नाकातून लवकर जात नाही. सप्तशृंगीच्या गडाकडं निघालेली खानदेशातली मंडळी पायांचे फोड दाबत झाडाखाली टेकलीत. कुणीतरी पाय बांधलेल्या कोंबड्या उलट्या धरून तुमच्या अंगावरूनच जातो. सांभाळा.

“तमाखू शे का भो?”

निंबाखाली उकिडवा बसलेला म्हातारा तुम्हालाच विचारतोय. तुम्ही मान हलवता. तंबाखू न बाळगणारा गडी त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलाय. तो हसतो आणि कमरेची चंची सोडतो. “मंग ले मनी.”

आता त्याच्या हातांकडं बघा. डाव्या तळव्यावर पानाचा चुरा. उजव्या अंगठ्याच्या नखानं चुनाळ्यातून काढलेला चुना. मग मळणं. घाई नाही, जणू सगळा बाजार त्याच्यासाठी थांबलाय. दोन थापट्या, उडालेली धूळ, आणि एक चिमूट तुमच्या हातात. दुसरी त्याच्या डाव्या गालात जाते, खालच्या हिरडीला लागून. तिथं एक खळगाच झालाय. बार आपला आपण जागेवर बसतो. मिसरूड फुटल्यापासून हीच जागा.

तुम्हीही भरा. एकदाच. गाल पेटतो, तोंडाला पाणी सुटतं, बाजार डोळ्यांसमोर फिरायला लागतो. म्हातारा खूश. आता थुंका. तो मात्र थुंकणार नाही, तासभर धरून ठेवील. म्हणून आपण त्याच्या गालात शिरू. अंग चोरा, जागा लहान आहे.

आत ओलं, गरम, अंधारं. गालाचं अस्तर म्हणजे पेशींचे थर. वरच्या पेशी झडतात, खालच्या दुभंगून त्यांची जागा भरतात. रोजचं काम आहे, पण चुन्यानं अस्तर पोळलं की ते दुप्पट होतं. पेशी दुभंगायची तर तिच्यातली सगळी जनुकं उतरवून काढावी लागतात. घाईनं उतरवलेल्या कागदात चुका होतात, हे तलाठ्याच्या कचेरीत बसलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यातच तंबाखूतली नायट्रोसमाइन नावाची द्रव्यं डीएनएला चिकटतात आणि अक्षरंच बिघडवतात.

पण इथं पहारा आहे. म्हाताऱ्याच्या गावात रात्री काठी आपटत फिरणारा जागल्या असतो ना, तसाच. पेशी दुभंगायला निघाली की तो आडवा येतो. कागद फाटलाय? आधी सांध, मग पुढं जा. सांधण्यापलीकडं गेलाय? मग मर. पेशी निमूटपणे मरते, गाल शाबूत राहतो. या जागल्याला पुढं पी-53 हे नाव मिळेल. त्याच्या जोडीला पी-16 आहे, गाडीच्या खिळीसारखा: चाक फिरू द्यायचं की नाही, ते तो बघतो. प्रत्येक जागल्याच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडली तरी बहुतेक वेळा दुसरी गाव राखते. दोन्ही गेल्या की वेस उघडी. पी-53 चं तर आणखी वाईट: त्याची बिघडलेली प्रत नुसती झोपत नाही, चांगल्या प्रतीच्याही कामात पाय घालते.

चाळीस वर्षं या गालातले जागल्ये राबताहेत. आणि आज, तुम्ही बघत असतानाच, एका पेशीत पी-16 ची दुसरी प्रत गळून पडते. आवाज होत नाही. बाहेर म्हातारा मिरचीवाल्याशी पैशा-पैशावरून भांडतोय.

तीन वर्षं पुढं सरका. खळग्यात आधी पांढरा चट्टा आला, मग ठेचा झोंबायला लागला, मग जखम झाली आणि ती भरेना. बाभळीच्या सालीच्या चुळा झाल्या, तुरटी झाली, अंगाराही झाला. आता पोरगा त्याला मुंबईला घेऊन निघालाय. तुम्हीही चढा. बैलगाडी, मग मोटार, मग आगगाडी. कसारा घाटातल्या बोगद्यांत डब्यात अंधार होतो, म्हातारा उपरण्यानं गाल झाकतो. परळला उतरल्यावर गिरणीचा भोंगा असा वाजतो की पोरगा बापाचा हात घट्ट धरतो.

टाटा रुग्णालय सुरू होऊन चारच वर्षं झालीत. 28 फेब्रुवारी 1941 ला दार उघडलं तेव्हा खाटा 80. इथं उपाय दोनच, सुरी नाहीतर किरणं. म्हातारा बाकावर बसतो, गालाचा तुकडा प्रयोगशाळेत जातो. त्याच्यामागून जा. फॉर्मेलिननं डोळे चुरचुरतील, पुसा.

ही डॉ. वसंत रामजी खानोलकरांची जागा. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाचे ओळीनं एक हजार रुग्ण तपासून त्यांनी 1944 मध्ये निबंध छापलाय. माणूस काय चघळतो आणि कुठं धरतो, यावर गाठ कुठं होणार ते ठरतं, हे त्यांच्या पक्कं ध्यानात आलंय. धोतराची गाठ वर्षानुवर्षं घासून कमरेवर होणाऱ्या कर्करोगावरही त्यांनी लिहिलंय. मला विचाराल तर मोठा डॉक्टर तो, ज्याला चंची आणि धोतर दोन्ही दिसतात.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. गुलाबी-जांभळा प्रदेश दिसतो. अस्तराची हद्द मोडून पेशी खाली उतरल्यात, मधूनमधून मोत्यांसारखी गोल वेटोळी. उजाड झालेली वेस दिसते. जागल्या दिसत नाही. सांगावंसं वाटतंय ना, “डॉक्टर, पी-16 पाठोपाठ पी-53 ही गेलाय”? उपयोग नाही. जनुकं डीएनएची असतात, हे तिकडं न्यूयॉर्कला एव्हरी नावाच्या शास्त्रज्ञांनी गेल्याच वर्षी दाखवलंय आणि त्यावर अजून सगळ्यांचा विश्वास बसलेला नाही.

पी-53 सापडला 1979 मध्ये. नाव पडलं ते वजनावरून, आणि वजनही चुकीचं मोजलेलं. खरं 44 च्या आसपास. त्याहून मोठा घोटाळा पुढं झाला. हाती लागलेल्या प्रती नेमक्या बिघडलेल्या निघाल्या, म्हणून दहा वर्षं शास्त्रज्ञांनी जागल्यालाच चोर ठरवलं. 1989 मध्ये तो निर्दोष सुटला. 2013 मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संशोधकांनी भारतीयांच्या गाल-हिरडीच्या गाठींमधली जनुकं वाचली. तिथं पी-53 होताच, शिवाय कास्प-8, फॅट-1, नॉच-1 हेही पहाऱ्यावरून उठवलेले सापडले.

चला, परत. कळवणला आता कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग आहे, धूळ तीच. जिभेवर चुन्याची चव अजून असेल तर चूळ भरा आणि आरशासमोर उभे राहा. गाल बोटानं ओढून दोन्हीकडं बघा, खालच्या हिरडीपर्यंत. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, पूर्वीइतकं न उघडणारं तोंड, यातलं काहीही दिसलं आणि तीन आठवड्यांत गेलं नाही, तर चुळा भरत बसू नका. उपजिल्हा रुग्णालय गावातच आहे.