पाचारण आणि पगार : ल्यूथरन शाळामास्तरांची कथा

आपल्या धर्मग्रामांतील शाळांचा इतिहास कोणी लिहावयास बसला, तर त्याला प्रथम धर्मगुरूंची आणि धर्मभगिनींची नावे लिहावी लागतात. शाळा बांधली कोणत्या फादरांनी आणि वाढविली कोणत्या सिस्टरांनी, हे शाळेच्या भिंतीवरील संगमरवरी फलकही सांगतो. वर्गात उभे राहून तीस-तीस वर्षे खडू झिजविणारा प्रापंचिक शिक्षक मात्र त्या फलकावर क्वचितच आढळतो. त्याची नेमणूक झाली, त्याला पगार मिळाला, तो निवृत्त झाला, एवढेच दप्तरात राहते. त्याने जे केले ती नोकरी की सेवाकार्य, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. सिस्टरांबाबत तो उद्भवत नाही, कारण त्यांच्या व्रतातच त्याचे उत्तर असते.

ज्या ख्रिस्ती समाजात व्रतस्थ भगिनी आणि बंधू नव्हतेच, त्याला या प्रश्नापासून सुटका नव्हती. म्हणूनच ल्यूथरन पंथाने, विशेषतः अमेरिकेत जाऊन वसलेल्या जर्मन ल्यूथरनांनी, आपले शाळामास्तर कसे घडविले याची हकिकत आम्हांला आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. ही कथा परक्या घरची असली, तरी शेवटी ती आपल्या उंबरठ्यापर्यंत येते.

मार्टिन ल्यूथरने मठजीवन नाकारले आणि त्याच्या प्रभावाखालील प्रदेशांत मठ ओस पडले. त्यांबरोबर मठांच्या शाळाही बंद पडू लागल्या. या पोकळीची जाणीव ल्यूथरला स्वतःलाच झाली होती. 1524 साली त्याने जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना उद्देशून एक पत्रक काढून शाळा उघडण्याचा आग्रह धरला आणि त्यात मुलांबरोबर मुलींनाही धरले. 1530 मध्ये याच विषयावर त्याने पुन्हा लेखणी उचलली. पण शाळा उघडणे वेगळे आणि तीत शिकविणारा माणूस मिळविणे वेगळे. खेडोपाडी हे काम चर्चच्या सेवकाकडेच आले. घंटा वाजविणारा, ऑर्गनवर बसणारा, गाणी बसविणारा आणि मुलांना प्रश्नोत्तरी घोकविणारा माणूस एकच असे. गोव्याच्या चर्चमधील मेस्त्रीची आठवण येथे कोणालाही व्हावी. तोही मुलांना सूर शिकवी, अक्षरे शिकवी आणि प्रार्थनाही शिकवी. शिकविण्याची कला मात्र या जर्मन मास्तराला कोणी रीतसर शिकविलेली नसे. ती उणीव तिकडे पुढे हालेच्या फ्रांकेसारख्यांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. आणि न्यायाने हेही सांगावयास हवे, की आपल्या संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनी 1685 साली रीम्स येथे खेड्यांतील शिक्षकांसाठी प्रशिक्षणशाळा काढली, ती याच उणिवेपोटी. प्रापंचिक शिक्षकाची चिंता एका संताने एवढ्या लवकर वाहिली होती, हे आपण विसरून गेलो आहोत.

आता आपण अटलांटिक ओलांडू. 1838 च्या अखेरीस सॅक्सनीतील सहाशेहून अधिक ल्यूथरन श्रद्धेच्या स्वातंत्र्यासाठी पाच जहाजांतून अमेरिकेस निघाले. त्यांतले एक जहाज, ‘अमालिया’, समुद्राने गिळले. उरलेले लोक मिसूरी राज्यात पोहोचले. त्यांपैकी पुष्कळांनी पेरी परगण्यातील जंगलात वस्ती केली आणि 1839 सालीच लाकडी ओंडक्यांच्या खोलीत विद्यालय थाटले. पोट भरण्याची भ्रांत असताना शाळा काढणारी ही माणसे होती. दुसरीकडे बव्हेरियातील नॉयेनडेटेल्साऊ या खेड्याचे पाळक विल्हेल्म ल्योहे यांनी अमेरिकेतील विखुरलेल्या जर्मनांसाठी 1842 साली दोन तरुण धाडले. आडाम अर्न्स्ट हा जोडे शिवणारा आणि गेओर्ग बुर्गर हा विणकर. ल्योहेंनी त्यांना शिकवून तयार केले ते शाळामास्तर म्हणून. पण नव्या देशात पाळकांचीच एवढी वाण होती, की दोघेही अखेर पाळक झाले. ल्यूथरन शिक्षकाच्या इतिहासातील ही पहिली चुटपुट म्हणावी लागेल. मास्तर म्हणून निघालेला माणूस वेदीकडे ओढला जातो आणि वर्ग रिकामाच राहतो.

26 एप्रिल 1847 रोजी शिकागो येथे या मंडळ्यांनी एकत्र येऊन एक सिनड स्थापन केली. तीच पुढे मिसूरी सिनड म्हणून प्रसिद्ध झाली. मंडळीने मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणाची सोय केली पाहिजे, अशी अटच तिच्या घटनेत होती. तिचे पहिले अध्यक्ष सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर यांनी 1852 साली ख्रिस्तसभा आणि तिच्यातील सेवापद यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वचन सांगण्याचे पद हे ख्रिस्तसभेतील मूळ पद, आणि बाकीची पदे त्यातून फुटलेल्या फांद्या, असे त्यात प्रतिपादन आहे. शाळामास्तराचे स्थान या फांद्यांत ठरले. म्हणजे तो मंडळीचा नोकर नव्हे. देवाने मंडळीच्या मुखातून त्याला हाक मारलेली आहे. त्याला पाचारणपत्र द्यावयाचे, चर्चमध्ये सर्वांसमक्ष त्याची स्थापना करावयाची, आणि सबळ कारणावाचून त्याला दूर करावयाचे नाही, अशी रीत पडली. विवाहित, मुलाबाळांचा धनी, बाजारात घासाघीस करणारा माणूस ख्रिस्तसभेच्या पदावर बसला. ही कल्पना मोठी होती, यात आम्हांला संशय नाही. तिची किंमत कोणी आणि केव्हा मोजली, ते पुढे येईल.

कल्पना मोठी असली तरी माणसे घडवावी लागतातच. मिल्वॉकी येथे काही पाळकांनी 1855 साली खासगी रीतीने शिक्षकांची प्रशिक्षणशाळा सुरू केली. दोन वर्षांनी सिनडने ती हाती घेऊन फोर्ट वेन येथे पाळकांच्या सेमिनरीला जोडली. पण शिक्षकांचा वर्ग पाळकांच्या सावलीत खुरटतो, हा अनुभव लवकरच आला. अखेर 1864 मध्ये शिकागोजवळील ॲडिसन या जर्मन शेतकऱ्यांच्या गावी शिक्षकांची स्वतंत्र सेमिनरी उभी राहिली आणि क्लीव्हलंडचे पाळक योहान लिंडेमान तिचे पहिले संचालक झाले.

लिंडेमान यांच्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. 1865 साली त्यांनी शाळाशिक्षकांसाठी जर्मन भाषेत एक मासिक काढले. एकेका खेड्यात एकटा पडलेला मास्तर, ज्याच्या पंचक्रोशीत दुसरा मास्तर नाही, त्याला या मासिकातून सोबत मिळाली. गणित कसे शिकवावे, बायबलमधील कथा लहानग्यांना कशी सांगावी, एकाच खोलीत सहा वर्षांचा आणि तेरा वर्षांचा मुलगा एकत्र कसे सांभाळावेत, असे त्यातले विषय. 1879 च्या जानेवारीत ते निवर्तले. त्याच वर्षी शाळेच्या प्रत्यक्ष व्यवहारावरील त्यांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. लिंडेमान यांची धारणा अशी, की केवळ भक्तिभाव असून भागत नाही. धर्मशिक्षण नीट देणारा पण हिशेब चुकविणारा मास्तर हा धर्माचीही हानीच करतो. आपल्याकडे ‘श्रद्धाळू आहे, सांभाळून घ्या’ म्हणून ज्या नेमणुका होत आल्या, त्यांविषयी येथे अधिक न लिहिणे बरे.

ॲडिसनमधून बाहेर पडणाऱ्या तरुणाला प्रश्नोत्तरी, शास्त्र, जर्मन, इंग्रजी, गणित, इतिहास, अध्यापनपद्धती हे सारे शिकावे लागे आणि शिवाय वाद्येही शिकावी लागत. कारण रविवारी ऑर्गनवर तोच बसणार होता. संगीतात मागे पडणाऱ्या मुलाचे हाल काय होत असतील, याची कल्पना ज्यांनी चर्चच्या गायकवृंदात उभे राहून मेस्त्रीची छडी अनुभवली आहे त्यांना करून द्यावयास नको. 1894 मध्ये नेब्रास्का राज्यातील स्यूअर्ड येथे दुसरी सेमिनरी तेरा विद्यार्थी आणि एक शिक्षक एवढ्या सामग्रीवर उघडली. 1913 साली ॲडिसनची संस्था शिकागोला लागूनच असलेल्या रिव्हर फॉरेस्टला हलली. या दोन्ही संस्था आज विद्यापीठे म्हणून चालू आहेत.

याच काळात अमेरिकेतील कॅथलिक काय करीत होते? 1884 च्या बाल्टिमोर येथील तिसऱ्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामात शाळा असावी, असा ठराव केला. त्या शाळा सिस्टरांच्या खांद्यावर उभ्या राहिल्या. सिस्टरांचे नवशिक्यागृह हेच त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांचे व्रत हेच त्यांचे पाचारणपत्र. पगारही नाममात्र. ल्यूथरनांना मास्तराचा संसार चालवावा लागे, आम्हांला तो चालवावा लागला नाही. हा आपला मोठेपणा नव्हे. ही सिस्टरांनी आपल्याला दिलेली सवलत होती.

दोन्ही समाजांत मने फारशी जुळत नसत. परंतु संकट आले की शेजारी शेजाऱ्याच्या दारी जातो. 1889 साली विस्कॉन्सिनमध्ये बेनेट यांचा आणि इलिनॉयमध्ये एडवर्ड्स यांचा कायदा झाला. विस्कॉन्सिनच्या कायद्याने वाचन, लेखन, गणित आणि अमेरिकेचा इतिहास इंग्रजीतून शिकवील तीच शाळा मानावयाची असे ठरविले. जर्मन ल्यूथरन आणि जर्मन कॅथलिक यांनी एकत्र विरोध केला. विस्कॉन्सिनच्या कॅथलिक बिशपांनी जाहीर निषेध नोंदविला. 1890 च्या निवडणुकीत तेथील सत्ताधारी पक्ष कोसळला आणि पुढील वर्षी कायदा रद्द झाला. इलिनॉयचा कायदा 1893 मध्ये गेला.

त्याहून गंभीर प्रसंग पहिल्या महायुद्धानंतर आला. जर्मन भाषा म्हणजे शत्रूची भाषा ठरली. नेब्रास्काने 1919 मध्ये आठवी इयत्ता न ओलांडलेल्या मुलांना इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकविण्यास बंदी केली. हॅम्प्टन गावाजवळील झायन ल्यूथरन शाळेचे मास्तर रॉबर्ट मेयर 25 मे 1920 रोजी दहा वर्षांच्या एका मुलाकडून बायबलकथांचे जर्मन पुस्तक वाचून घेत असताना परगण्याचा सरकारी वकील वर्गात येऊन उभा राहिला. शाळेने जर्मनचा पाठ मुद्दाम सुट्टीच्या वेळेत ठेवला होता. कायद्याने ती पळवाट मानली नाही. मेयर यांना 25 डॉलर दंड झाला. तो भरून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी भरला नाही. आईबापांना आपल्या देवाची प्रार्थना आपल्या भाषेत करता यावी आणि लेकरांनी तीत सामील व्हावे, यासाठी तो पाठ होता. घरी एक बोली, शाळेत दुसरी आणि चर्चमध्ये तिसरी असे जगलेल्या आपल्या लोकांना मेयर मास्तरांचे मन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा मेयर यांची बाजू मांडली ती ओमाहाचे आर्थर मलन यांनी. हे मलन आयरिश वंशाचे कॅथलिक होते. 4 जून 1923 रोजी निकाल मेयर यांच्या बाजूने लागला. दोनच वर्षांनी, ओरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली तेव्हा, येशू-मरियेच्या पवित्र नावांच्या धर्मभगिनींनी दाद मागितली आणि 1 जून 1925 रोजी त्या जिंकल्या. त्या निकालाचा मुख्य आधार मेयर यांचाच खटला होता. अमेरिकेतील कॅथलिक शाळा ज्या निकालावर तगल्या, त्याच्या पायात एका ल्यूथरन मास्तराचा न भरलेला दंड आहे.

पुढील कथा एवढी उजळ नाही. विसाव्या शतकात ल्यूथरन शाळांत शिक्षिका वाढल्या, परंतु पुरुषांना मिळणारे कायम पाचारण स्त्रियांना दीर्घकाळ मिळत नसे. सिनडच्या महाविद्यालयांत न शिकलेल्या शिक्षकांसाठी वेगळी वाट काढण्यात आली. त्यांनी ईश्वरविज्ञानाचे ठरावीक अभ्यासक्रम पुरे करावेत, तोंडी परीक्षा द्यावी आणि मग पाचारणास पात्र व्हावे. मिशिगनमधील रेडफर्ड येथील होझॅना-टेबर शाळेतील एका शिक्षिकेने असे आठ अभ्यासक्रम पुरे केले. त्यासाठी तिला सहा वर्षे लागली. मंडळीने तिला पाचारणपत्र दिले, त्यावर ‘धर्मसेवक’ असे पद लिहिले. त्याच शाळेत पाचारण न झालेले, करारावरचे शिक्षकही होते आणि दोघांचे रोजचे काम जवळजवळ सारखेच होते. 2004 साली ती आजारी पडली. बरी होऊन परत येते म्हणाली, तेव्हा शाळेने जागा भरली होती. तिने कायद्याची भाषा केली, आणि 2005 मध्ये मंडळीने तिचे पाचारण काढून घेतले. 11 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की ती धर्मसेवक असल्यामुळे तिला ठेवावे की काढावे यात सरकारने पडू नये.

ख्रिस्तसभेच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निकाल योग्यच आहे, हे आम्ही मान्य करतो. आपले सेवक कोण हे सरकारने ठरवू लागणे कोणालाही परवडणारे नाही. तरीही मनात सल राहतो. वाल्थर यांच्या काळी ज्या पाचारणाने मास्तराला मंडळीच्या लहरीपासून आधार दिला, त्याच पाचारणाने दीडशे वर्षांनंतर तिच्यासाठी न्यायालयाचे दार बंद केले. करारावरच्या शिक्षिकेने कदाचित दाद मागितली असती.

दरम्यान कॅथलिक शाळांतील चित्र पार पालटले होते. 1960 नंतर सिस्टरांची संख्या झपाट्याने घटली आणि त्यांच्या जागी प्रापंचिक शिक्षक आले. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्यात शिक्षकाच्या कार्याला पाचारण म्हटले. 1982 साली रोमने शाळांतील प्रापंचिक कॅथलिकांविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढला. म्हणजे ल्यूथरनांनी ॲडिसनमध्ये जो प्रश्न हाती घेतला होता, तो शंभर वर्षांनी आपल्या पुढ्यात आला. फरक एवढाच, की आपल्याजवळ त्यासाठी ॲडिसन नव्हते.

कॅलिफोर्नियातील दोन कॅथलिक शाळांच्या दोन शिक्षिकांचे खटले 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एकत्र आले. दोघीही प्राथमिक वर्गाला शिकवीत, त्यात धर्मशिक्षणही देत आणि मुलांबरोबर प्रार्थना करीत. त्यांना कोणी पाचारणपत्र दिले नव्हते, चर्चमध्ये त्यांची स्थापना झाली नव्हती, धर्मसेवक हे नाव त्यांना कधी कोणी लावले नव्हते. एकीची तक्रार अशी, की वयामुळे आपल्याला वगळले. दुसरीला कर्करोग झाला होता आणि उपचारांसाठी रजा मागितल्यावर आपला करार पुढे चालविला नाही, असे तिचे म्हणणे. 8 जुलै 2020 रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरविले, की पदाचे नाव किंवा औपचारिक शिक्षण नव्हे, तर प्रत्यक्ष कार्य महत्त्वाचे. श्रद्धा शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते, म्हणून त्यांच्या बाबतीतही न्यायालय हस्तक्षेप करणार नाही. त्या सेवाकार्यात होत्या हे त्यांना, एका अर्थी, या निकालाने कळविले. कर्करोग झालेली शिक्षिका निकाल ऐकण्यास नव्हती. आदल्या वर्षी, 2019 मध्येच, ती निवर्तली होती.