नागरिकत्वाचा दाखला आणि एक वकील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परदेशांतून आलेल्या माणसाला नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा १७९० सालीं झाला. नागरिकत्व मिळेल तें 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीला', अशी त्याची अट होती. यादवी युद्धानंतर १८७० सालीं आफ्रिकन वंशाच्या लोकांनाही तो हक्क मिळाला. परंतु हिंदुस्थानांतून गेलेल्या मनुष्याला कोणत्या रकान्यांत बसवावयाचें, हें कायद्यानें कोठेंच सांगितलें नव्हतें. तें ठरविण्याचें काम ज्या त्या न्यायाधीशाकडे आलें. १९१० सालीं न्यूयॉर्क येथील संघीय अपील न्यायालयानें बलसारा नांवाच्या पारशी व्यापाऱ्याला गोरा ठरविलें. १९१३ सालीं वॉशिंग्टन संस्थानांतील संघीय न्यायालयानें अक्षयकुमार मजुमदार या बंगाली गृहस्थाला तोच न्याय लावला. संघीय न्यायालय म्हणजे एखाद्या संस्थानाचें नव्हे, तर साऱ्या संयुक्त राष्ट्राचें न्यायालय, एवढें येथें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

याच सुमारास सखाराम गणेश पंडित हे गृहस्थ लॉस एंजलिस शहरीं स्थिरावले होते. हें नांव आपल्या श्रोत्यांना परकें वाटणार नाहीं. त्यांचा जन्म मात्र अहमदाबादेस १८७५ सालीं झालेला. १९०६ सालीं ते अमेरिकेस गेले, १९१४ सालीं तेथील नागरिक झाले आणि १९१७ सालीं कॅलिफोर्नियाची वकिलीची सनद त्यांनीं मिळविली. पुढें आपल्या देशबांधवांच्या नागरिकत्वाचे खटले त्यांच्या हातीं आले.

त्यांतील सर्वांत गाजलेला खटला भगतसिंग थिंद यांचा. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत दाखल झालेल्या या शीख तरुणाला १९२० सालीं ऑरेगॉनच्या संघीय न्यायालयानें नागरिकत्व दिलें. सरकारनें त्याला हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. थिंद यांच्या वकीलमंडळींत पंडित होते. त्यांच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, वंशशास्त्राचे पंडित उत्तर हिंदुस्थानच्या लोकांची गणना कॉकेशियन वंशांत करितात. शिवाय थिंद उच्च जातीचे व आर्यवंशीय. तेव्हां ते गोरेच होत. हा युक्तिवाद मला कधींच रुचला नाहीं. गोऱ्यांचा कायदा अन्यायाचा आहे असें म्हणण्याऐवजीं, आम्हांलाही त्या पंक्तीला बसवा, अशी ती याचना होती. आणि तिला आधार घेतला होता तो आपल्याकडील जातिभेदाचा! परंतु वकिलाला कायदा जसा असेल तसा घेऊनच अशिलाचा बचाव करावा लागतो, हेंही विसरून चालणार नाहीं. कायदा पालटणें हें विधिमंडळाचें काम. अशील तर आज दारांत उभा असतो.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजीं निकाल लागला. तो लिहिणारे न्यायमूर्ति सदरलंड हे स्वतः इंग्लंडांत जन्मलेले. तीनच महिन्यांपूर्वीं ओझावा नामक जपानी गृहस्थाच्या खटल्यांत, गोरा म्हणजे कॉकेशियन, असा अर्थ त्यांनींच सांगितला होता. आतां तेच म्हणाले कीं, शास्त्रज्ञांचें मत कांहींही असो, सामान्य मनुष्य ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. एकाला शास्त्रानें नाकारलें, दुसऱ्याला लोकव्यवहारानें!

यानंतर सरकारनें, पूर्वीं ज्या हिंदी लोकांना नागरिकत्व मिळालें होतें, तें काढून घेण्याचे दावे लावण्यास आरंभ केला. १९०६ च्या कायद्यांत, कपटानें किंवा बेकायदा मिळविलेला दाखला रद्द करण्याची तरतूद होती. तिच्यांतील 'बेकायदा' या शब्दावर सारी भिस्त होती. असा दावा दिवाणी स्वरूपाचा. त्यांत प्रतिवादीला सरकारी खर्चानें वकील मिळत नाहीं. ज्याच्याजवळ पैसा वा ओळख नाहीं, त्याच्या वतीनें न्यायालयांत तोंड उघडणारा कोणी नसे.

असाच दावा पंडितांवरही आला. कॅलिफोर्नियांत त्या काळीं वकिलीची सनद नागरिकालाच मिळे; तेव्हां दाखल्याबरोबर पोटाचा धंदाही जाणार. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परदेशीयाला तेथें जमीन धारण करण्यास बंदी होती. त्यांची पत्नी अमेरिकन होती. परंतु त्या काळच्या कायद्याप्रमाणें तिचें नागरिकत्वही पतीच्या पायीं धोक्यांत आलें.

या वेळीं पंडितांनीं वंशाच्या वादावर भिस्त ठेवली नाहीं. आपल्या धर्मशास्त्रांत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक 'प्राङ्न्याय', म्हणजे या वादाचा निवाडा पूर्वींच झालेला आहे, असें उत्तर. १९०८ च्या आपल्या दिवाणी कायद्याच्या अकराव्या कलमांतही हेंच तत्त्व आहे. पंडितांनीं नेमकें हेंच उत्तर दिलें. १९१४ सालीं न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता; सरकारला विरोध करण्याची संधि होती; निकाल झाला; सरकारनें त्याविरुद्ध वर धाव घेतली नाहीं. त्या निकालावर विसंबून एका माणसानें धंदा उभारला, संसार मांडला, मालमत्ता केली. आतां एवढ्या वर्षांनंतर तोच प्रश्न उकरून काढण्याचा सरकारला अधिकार काय?

खालच्या संघीय न्यायालयानें हें मान्य केलें. १९२६ सालीं नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयानेंही तो निकाल कायम केला आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज ऐकून घेण्याचें नाकारलें. तेव्हां सरकारनें हिंदी लोकांवरील उरलेले दावे सोडून दिले. जेथें साऱ्या आर्यवंशाचा अभिमान उपयोगी पडला नाहीं, तेथें दिवाणी कज्जांतील एक रूक्ष नियम कामास आला. थिंद यांच्या निकालाला मात्र त्यानें धक्का लागला नाहीं; नव्यानें अर्ज करणाऱ्याला दार बंदच राहिलें.

ज्यांचे दाखले आधींच रद्द झाले होते, त्यांच्या हातीं कांहीं आलें नाहीं. वैष्णोदास बगाई हे सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी १९२१ सालीं नागरिक झाले होते. तें नागरिकत्व गेलें, पुढें परदेश प्रवासासाठीं अमेरिकन पारपत्रही मिळेना. १९२८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. मागें ठेवलेल्या पत्रांत त्यांनीं या वागणुकीचाच जाब विचारला होता. थिंद यांना १९३५ च्या माजी सैनिकांसाठींच्या कायद्यान्वयें १९३६ सालीं नागरिकत्व मिळालें. इतर हिंदी लोकांना तें मिळण्याची वाट १९४६ सालीं खुली झाली. त्याच कायद्यानें हिंदुस्थानांतून वर्षाला शंभर माणसांना तेथें वसाहतीस येण्याची मुभा दिली. 'गोरी व्यक्ति' ही कायद्यांतील जुनी कसोटी १९५२ सालीं सर्वस्वीं गेली. पंडित तेव्हां सत्याहत्तरीच्या घरांत होते.