तापीच्या वाळूचा हिशेब

शहादा तालुक्यात कोळसा नाही, लोहखनिज नाही, मँगनीज नाही. महाराष्ट्राचे खनिजधन चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, भंडाऱ्याकडे. इकडे सातपुड्याच्या पायथ्याला सगळा काळा पाषाण. त्यामुळे देशाच्या खाणउद्योगाचे भवितव्य काय, या चर्चेत या तालुक्याचे नाव येत नाही. पण तापीच्या पात्रातून वाळू निघते, आणि कायद्याच्या लेखी वाळू हे खनिजच आहे. तिच्यावर आजवर जे कायदे, शासन निर्णय आणि न्यायनिवाडे झाले ते कालक्रमाने समोर ठेवले, तर वाळूचा हिशेब कोणाच्या बाजूने लिहिला गेला ते बऱ्यापैकी उलगडते.

सुरुवात १९५७ची. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमाने इमारतीचा दगड, साधी माती आणि साधी वाळू यांना गौण खनिजांत बसवले आणि कलम १५ने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपवला. लोखंड-कोळशाची धोरणे दिल्लीत ठरू लागली. वाळू जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांच्या टेबलावर आली. नऊ वर्षांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता झाली. तिच्या कलम ४८ने खनिजांवरचा हक्क शासनाचा ठरवला. याच कलमाचे सातवे पोटकलम बारकाईने वाचण्याजोगे आहे. शेत, बांध, नाला, खाडी, नदीपात्र, जुने ढिगारे, जिथून म्हणून विनापरवाना खनिज उचलता येईल अशा जागा त्यात नावानिशी येतात. मसुदा करणाऱ्याला गावाची पुरती माहिती असावी. दंड मात्र बाजारभावाच्या पटीत: आधी तिप्पट, पुढे पाचपट.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. स्वामित्वधन ब्रासवर, लिलाव ब्रासवर, दंड उचललेल्या मालाच्या किमतीवर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. नदीबाहेर पडलेल्या प्रत्येक ब्रासला कागदावर किंमत आहे. तिच्या जागी पात्रात नवी वाळू किती आली, हे विचारण्याची गरज या दोन्ही कायद्यांना पडली नाही. पुढे राज्याने झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या १९८१च्या स्थानबद्धता कायद्यात ‘वाळू तस्कर’ही घातले. चोरी किती माजली होती याचा तो सरकारी कबुलीजबाबच म्हणायला हवा. तरीही विचार पुन्हा बाहेर गेलेल्या मालाचाच आणि तो नेणाऱ्याचाच झाला.

दुसरी बाजू कागदावर आली ती न्यायालयामुळे, आणि तीही हरियाणातून. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत ५ हेक्टरांखालच्या खाणपट्ट्यांना पूर्वमंजुरी लागत नव्हती. हरियाणात २०११च्या लिलावासाठी क्षेत्राचे असे लहान तुकडे पाडल्याचा आक्षेप आला. दीपक कुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही मंजुरी सक्तीची केली. लहान वाळूघाटच असलेल्या आपल्याकडच्या नद्यांसाठी हा निकाल फार मोठा होता. २०१६ साली जिल्हा सर्वेक्षण अहवालाची अट आली: आपल्या जिल्ह्यात वाळू कुठे साचते आणि दरवर्षी किती भरून येते, हे जिल्ह्याने आधी लिहून द्यायचे. २०२०च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्राची मोजणी करायला सांगितली.

शहाद्यापुरते बोलायचे तर यातली एक मोजणी तालुक्यात आधीपासून आहे. दत्तजयंतीच्या घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या सारंगखेड्याला केंद्रीय जल आयोगाचे केंद्र आहे. तिथे तापीची पातळी, विसर्ग आणि पाण्यासोबत वाहणारा गाळ यांच्या नोंदी होतात. म्हणजे एकाच काठावर दोन खात्यांच्या वह्या: एकीत नदीने काय आणले, दुसरीत माणसाने काय नेले. त्या शेजारी ठेवून वाचण्याची सक्ती कोणत्याही जुन्या कायद्यात नव्हती. अर्थात पाण्यात तरंगत जाणारा गाळ आणि तळाशी सरकत येणारी वाळू एक नव्हे, त्यामुळे नुसत्या जल आयोगाच्या आकड्यावरून घाटाची मर्यादा ठरवणे चुकीचे होईल. पात्राचे छेद घेऊनच ते करावे लागेल.

त्यात आणखी एक गुंता आहे. सारंगखेडा आणि प्रकाशा, दोन्ही ठिकाणी तापीवर बॅरेज उभे राहिले. वर हतनूरचे धरण आहेच. पाण्याचा वेग मंदावला की जाड कण आधी बसतात, ही नदीची रीत. तेव्हा बॅरेजच्या आधीच्या नदीचे गणित आजच्या नदीला लावता येत नाही, आणि जुन्या लिलावाचे आकडे नव्या लिलावाला आधार म्हणून घेणे तर मुळीच चालणार नाही. शिवाय काठ खचला तर काय जाते, याचेही उत्तर याच तालुक्यात मिळते. तापी आणि गोमाईच्या संगमाजवळच्या प्रकाशाला बी. के. थापर यांनी १९५५ साली उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती तिथे थरांवर थर सापडली. काठाची माती हासुद्धा एक दस्तऐवज आहे आणि त्याची दुसरी प्रत नसते.

राज्याची धोरणे या काळात झपाट्याने बदलली. एप्रिल २०२३च्या धोरणाने शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरवले. दोन वर्षांत, एप्रिल २०२५मध्ये डेपो मोडीत निघून लिलाव परत आले. घरकुलांसाठी १० टक्के वाळू राखीव ठेवण्यात आली, आणि पुढच्याच महिन्यात दगड भरडून केलेल्या एम-सँडला सवलतीचे धोरण मंजूर झाले. घरकुलाची तरतूद योग्यच आहे. वाळू महागली की सर्वांत आधी गरिबाची भिंत थांबते. एम-सँडचे भवितव्य आपल्या भागात उजळ दिसते, कारण काळ्या पाषाणाला तोटा नाही. पण दोन्हींत एक फरक आहे: वाळू पुराबरोबर पुन्हा येते, फोडलेली टेकडी येत नाही. नदी वाचवण्याच्या नावाखाली टेकड्यांचा हिशेब पुन्हा फक्त ब्रासमध्ये होऊ नये.

जगभरात वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. मागणी घटणार नाही. सरसकट बंदीने बेकायदा उपसा फोफावतो, हे बिहारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच २०२१ साली सांगितले. म्हणून ऑगस्ट २०२५चा जम्मू-काश्मीर प्रकरणातला निकाल मला निर्णायक वाटतो. न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या पीठाने पुनर्भरणाच्या अभ्यासाविना केलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल मंजुरीचा आधार होऊ शकत नाही, असे ठरवले. तापीकाठच्या पुढच्या प्रत्येक लिलावाला ही कसोटी लागू आहे. शहादा तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६च्या पेसा कायद्याने गौण खनिजांसाठी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची पूर्वशिफारस लागते. तेव्हा लिलावाची जाहिरात निघण्याआधी पात्राचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे छेद मराठीत, गावाच्या फलकावर लागले पाहिजेत, आणि ते पाहण्याची मागणी ग्रामसभेने ठरावाने करावी.